घरघरीचा पत्ता : व्हॉल्व्हच्या स्प्रिंग रिव्हर्बमधला नको तो आवाज कसा शोधावा

गिटारची तार छेडून बोट उचललं, तरी सूर लगेच संपू नये. थोडा रेंगाळावा, लांब जावा आणि मग विरावा. व्हॉल्व्हवर चालणारं स्प्रिंग रिव्हर्ब युनिट लोक घेतात ते एवढ्यासाठी. पण तारेला बोट लागायच्या आधीच स्पीकरमधून ‘हूंऽऽ’ सुरू झाली, की वाजवणाऱ्याचं लक्ष सुरातून उडतं. माझ्या युनिटमध्ये ही घरघर आली तेव्हा मी एकामागून एक तिन्ही व्हॉल्व्ह बदलले. घरघर तशीच राहिली. दोष सापडला तो महिन्याभराने, एका आरसीए पिनच्या बाहेरच्या कड्यावर. तिथलं सोल्डर सुटलं होतं. ते काम पाच मिनिटांचं होतं आणि काढून टाकलेले तिन्ही व्हॉल्व्ह चांगले होते.

तेव्हापासून एक नियम पाळतो : आधी आवाजाचा पत्ता काढायचा, मग सोल्डरगन तापवायची. हा लेख त्या पत्त्याविषयी आहे.

नांदेड–हिंगोली रस्त्यावरच्या आखाडा बाळापूरसारख्या गावात असं युनिट तीन वाटांनी पोचतं. कुणाचा नातेवाईक अमेरिकेहून येताना आणतो, कुणी पुण्या-मुंबईहून जुनं विकत घेतं, तर कुणी सुटे भाग मागवून घरीच जोडतं. बिघडलं की मात्र ज्याने असं युनिट आतून पाहिलंय असा मेकॅनिक शोधत फिरावं लागतं. त्यातच दुरुस्तीची बहुतेक पुस्तकं अमेरिकेच्या विजेला धरून लिहिलेली आहेत. आपली वीज वेगळी, अर्थिंग वेगळं, मंडपही वेगळा. म्हणून इथल्या परिस्थितीत काय करता येईल ते क्रमाने सांगतो.

आत काय चालतं

औंढा नागनाथाच्या भुयारी गाभाऱ्यात उतरून कुणी ‘ओम’ म्हटलं, की दगडी भिंती तो आवाज परत परत फिरवतात. स्प्रिंग रिव्हर्ब तेच काम एका पत्र्याच्या डब्यात करतं. डब्यात बारीक तारेच्या स्प्रिंगा ताणून बसवलेल्या असतात. एका टोकाची कॉइल गिटारच्या विजेने छोटं चुंबक हलवते, त्याने स्प्रिंगेला पीळ बसतो, हा पीळ स्प्रिंगेतून धावत दुसऱ्या टोकाला जातो आणि तिथली कॉइल त्याची पुन्हा वीज बनवते. पीळ टोकावर आपटून मागे फिरतो, परत येतो. त्या येरझाऱ्या म्हणजे आपण ऐकतो तो घुमारा. आपल्याकडचे साउंडवाले त्याला सरसकट ‘इको’ म्हणतात.

या युक्तीचं मूळ बेल लॅबोरेटरीजमध्ये आहे. टेलिफोनच्या लांब तारांवर आवाजाला होणारा उशीर तपासण्यासाठी तिथे स्प्रिंगा वापरल्या गेल्या. हॅमंड कंपनीने ती कल्पना आपल्या ऑर्गनसाठी उचलली. फेंडर कंपनीने १९६१ मध्ये गिटारसाठी स्वतंत्र रिव्हर्ब युनिट काढलं. आजची बरीच युनिटं त्याच आराखड्यावर बेतलेली आहेत.

त्या आराखड्यात तीन व्हॉल्व्ह आहेत. पहिला १२एटी७ गिटारचा आवाज उचलतो. दुसरा ६के६ स्प्रिंगा हलवण्याइतकी ताकद देतो, तो ड्रायव्हर. तिसरा १२एएक्स७ स्प्रिंगांच्या दुसऱ्या टोकाहून आलेला क्षीण आवाज पुन्हा मोठा करतो, तो रिकव्हरी. पुढे तीन नॉब असतात. ड्वेल स्प्रिंगांना किती जोर द्यायचा ते ठरवतो, टोन धार ठरवतो आणि मिक्सर मूळ आवाजात घुमारा किती मिसळायचा ते ठरवतो.

या सगळ्यात एक गोष्ट मनात पक्की ठेवा. स्प्रिंगांतून बाहेर पडणारा आवाज जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो आणि रिकव्हरी व्हॉल्व्ह त्याला साधारण ५० ते ६० पट वाढवतो. म्हणजे त्या जागी शिरलेली घरघरही तेवढीच वाढते. म्हणून नको त्या आवाजाचा पत्ता बहुतेक वेळा डब्याच्या बाहेर पडणाऱ्या टोकापासून रिकव्हरी व्हॉल्व्हपर्यंतच्या वीतभर वाटेवर सापडतो. शोध तिथून सुरू करा.

आधी जीव, मग आवाज

या युनिटमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास डीसी दाब असतो. स्विच बंद केला, प्लग काढला, तरी फिल्टर कंडेन्सरमध्ये तो साठून राहतो. झाकण उघडण्याआधी प्लग काढून हातात घ्या आणि तो डोळ्यांसमोर ठेवा. १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टन्सला दोन्ही बाजूंनी चांगल्या इन्शुलेशनच्या तारा जोडा. एक टोक चासीला, दुसरं कंडेन्सरच्या अधिक टोकाला दहा-पंधरा सेकंद धरा. मग मीटरने मोजा. १० व्होल्टच्या खाली आलं असेल तरच आत बोट घाला. प्रत्येक कंडेन्सरसाठी हेच करा. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून कंडेन्सर रिकामा करायची सवय असेल तर ती सोडा. त्यात कंडेन्सरही जातो आणि कधी डोळाही.

चालू युनिटवर व्होल्टेज मोजायचं काम ज्यांना सराव आहे त्यांनीच करावं, तेही एक हात पाठीमागे ठेवून, अंगठी आणि कडं काढून, कोरड्या लाकडी पाटावर उभं राहून. खाली सांगितलेल्या बहुतेक चाचण्यांना झाकण उघडावंच लागत नाही.

बरीच वर्षं पडून असलेलं युनिट थेट विजेला लावू नका. रेडिओ मेकॅनिक वापरतात तसा सीरिज बल्ब घ्या. ६० वॅटचा साधा तारेचा बल्ब, युनिटच्या वाटेत. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. तो पूर्ण उजेडाने जळत राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे; लगेच बंद करा.

कानाने ओळखा

सगळ्या घरघरी सारख्या नसतात. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. तिच्यापासून दोन मुख्य सूर निघतात : ५० हर्ट्झचा खोल ‘हूं’ आणि १०० हर्ट्झचा जरा वरचा, दाट ‘भुंऽऽ’. हे ओळखायला यंत्र लागत नाही, गिटार पुरते. सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवा. तो सूर ९८ हर्ट्झचा असतो. घरघर १०० हर्ट्झची असेल तर ती त्या सुराशी जवळजवळ जुळेल आणि दोन्हींच्या मेळातून सेकंदाला दोनच्या आसपास हेलकावे ऐकू येतील. तार किंचित ओढली की हेलकावे थांबतात. घरघर त्याच्या खालच्या सप्तकातली वाटली तर ती ५० हर्ट्झची. गिटार हाताशी नसेल तर हार्मोनियमची पांढरी पाच धरा. घरघर तिच्याच नात्यातली, किंचित चढी, एक-दोन सप्तकं खाली ऐकू येईल. अमेरिकेची वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे तिकडच्या पुस्तकातले सूर इथे लागू पडत नाहीत.

५० हर्ट्झचा सूर म्हणजे कुठल्या तरी ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र, व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरची वीज किंवा अर्थिंगची फेरी, म्हणजे अर्थच्या दोन वाटांमधून फिरणारी वीज. १०० हर्ट्झचा सूर बहुधा थकलेल्या फिल्टर कंडेन्सरचा, कारण बहुतेक युनिटांत डायोड विजेच्या दोन्ही अर्ध्या लाटा वापरतात. आवाजाला धार असेल, ‘झर्रर्र’ असं काही ऐकू येत असेल, तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, माळांचे दिवे, इन्व्हर्टर किंवा मोबाइलचा चार्जर यांच्यावर संशय घ्या.

एकसारखी ‘सूंऽऽ’ येत असेल तर ती रिकव्हरी व्हॉल्व्ह किंवा त्याच्या प्लेटच्या रेझिस्टन्सची. भजी तळताना तेल तडतडतं तसा आवाज आला, तर फुटका कंडेन्सर, कोरडं सोल्डर किंवा मळलेला व्हॉल्व्हचा सॉकेट शोधा. शिट्टी आली आणि आवाज वाढवला की तीही वाढत गेली, तर व्हॉल्व्ह किंवा स्प्रिंगा स्पीकरच्या थरथरीला उत्तर देत आहेत. शेजारून चालत गेलं की ढगांचा गडगडाट झाला, तर आत काही बिघडलेलं नाही, स्प्रिंगा हलत आहेत.

सहा चाचण्या, एकेक पाऊल

वही घ्या. प्रत्येक पावलाला काय बदललं आणि आवाजाचं काय झालं, ते लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कुणामुळे फरक पडला ते कधीच कळत नाही.

पहिली चाचणी : युनिट बाजूला काढा, गिटार थेट अॅम्प्लिफायरला लावा. घरघर तशीच राहिली तर युनिट निर्दोष आहे. सिंगल कॉइल पिकअपची गिटार असेल तर खोलीत फिरून दिशा बदलून पाहा. एका दिशेला आवाज कमी झाला, तर ती घरघर पिकअपची आहे.

दुसरी : युनिट परत जोडा. गिटारची केबल काढून ठेवा, इनपुट रिकामा. मिक्सर शून्यावर न्या. घरघर गेली तर दोष घुमाऱ्याच्या वाटेवर आहे. राहिली तर युनिटची वीज, अर्थिंग किंवा बाहेर जाणारी केबल तपासा.

तिसरी : मिक्सर अर्ध्यावर आणा आणि ड्वेल शून्यावर. घरघर गेली तर ती पहिल्या व्हॉल्व्हकडून, म्हणजे स्प्रिंगांच्या आधीच येत होती. तशीच राहिली तर पुढे चला.

चौथी : युनिट बंद करा, प्लग काढा, थंड होऊ द्या आणि ६के६ उपसून बाजूला ठेवा. परत चालू करा. घरघर गेली तर ड्रायव्हरचा टप्पा दोषी. राहिली तर ती स्प्रिंगांच्या नंतरची आहे. इथवर पोचलेले बहुतेक लोक या दुसऱ्या गटात असतात.

पाचवी, आणि सगळ्यांत उपयोगाची : एका रिकाम्या आरसीए पिनमध्ये मधला खिळा आणि बाहेरचं कडं बारीक तारेने जोडून टाका. ही झाली शॉर्ट पिन. युनिट बंद करून डब्याच्या आउटपुटची केबल युनिटच्या बाजूने काढा आणि त्या जागी शॉर्ट पिन लावा. नुसती केबल काढून चालणार नाही, कारण मोकळं टोक स्वतःच हवेतली वीज ओढून घरघर करतं आणि आपल्याला फसवतं. शॉर्ट पिन लावल्यावर शांत झालं, तर घरघर डब्यातून किंवा केबलमधून आत येते आहे. शांत झालं नाही, तर ती रिकव्हरी व्हॉल्व्ह किंवा त्याच्या विजेतच आहे.

सहावी फक्त डब्यावर संशय असेल तेव्हाच : डबा हाताने उचला, फिरवा, ट्रान्सफॉर्मरपासून लांब न्या. जागा किंवा दिशा बदलली की घरघर कमी-जास्त होत असेल तर ती चुंबकीय आहे. हलवून काहीच फरक पडत नसेल, पण केबल हलवल्यावर पडत असेल, तर पिन आणि सोल्डर पाहा. माझ्या युनिटचा दोष इथेच होता.

डब्याची तपासणी

आउटपुटची कॉइल ट्रान्सफॉर्मरपासून जितकी लांब तितकं बरं. डबा उलट बसवला गेला असेल तर इनपुट आणि आउटपुटची टोकं बदलतात आणि नाजूक टोक नेमकं ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी येतं. घरी जोडलेल्या युनिटांत ही चूक सहज होते. टोकं फिरवा, कधी त्यानेच काम होतं. नाही झालं तर डबा काही अंशांनी तिरपा करून सर्वांत शांत जागा शोधा आणि तिथे खूण करा.

डब्यावर आकडे आणि अक्षरं छापलेली असतात. फेंडरच्या आराखड्यात सहसा ४एबी३सी१बी हा डबा येतो. पहिला ४ म्हणजे साधारण ४२ सेंटिमीटर लांबीचा, दोन स्प्रिंगांच्या वाटांचा. ‘ए’ म्हणजे इनपुट ८ ओहम, ‘बी’ म्हणजे आउटपुट २२५० ओहम, ३ म्हणजे लांब रेंगाळणारा घुमारा. शेवटचं अक्षर डबा कसा बसवायचा ते सांगतं. ‘बी’ असेल तर आडवा, उघडी बाजू खाली. इनपुट ८ ओहमऐवजी दुसऱ्याच मापाचा डबा लावला, तर घुमारा कमी येतो, मग वाजवणारा मिक्सर वाढवतो आणि त्याबरोबर घरघरही वाढते. दोष डब्याच्या जुळणीचा असतो, आपण शोधत बसतो व्हॉल्व्हमध्ये.

मीटरने तपासताना आकडे वेगळे दिसतील, कारण छापलेले ओहम आवाजाच्या विजेसाठी असतात आणि मीटर डीसीवर मोजतं. या डब्याच्या इनपुटला एक ओहमच्या आसपास आणि आउटपुटला साधारण २०० ओहम दिसायला हवेत. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइलपासून जॅकपर्यंत येणारी केसाएवढी तार तुटली आहे. ती जोडता येते, पण हलक्या हाताने आणि भिंग लावून.

डब्याचा पत्रा अर्थला कुठे जोडला आहे तेही पाहा. ‘सी’ प्रकारात इनपुटचा जॅक पत्र्यापासून अलग आणि आउटपुटचा पत्र्याला जोडलेला असतो. बसवताना इनपुटच्या जॅकखालचं इन्शुलेशन निघून गेलं किंवा पत्रा चासीला थेट टेकला, तर अर्थच्या दोन वाटा तयार होतात. त्या दोन वाटांमधून फिरणारी वीज ५० हर्ट्झची घरघर देते. रबरी बुश घालून पत्रा अलग करा.

गंजलेले, काळे पडलेले आरसीए जॅक कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा आणि पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. स्प्रिंगांना मात्र कपडा किंवा ब्रश लावू नका.

व्हॉल्व्ह, कंडेन्सर, हीटर

शॉर्ट पिन लावूनही शांत होत नसेल, तर आता झाकण उघडा. रिकव्हरीच्या जागी खात्रीचा १२एएक्स७ लावून बघा. त्यालाच युरोपी नाव ईसीसी८३ आहे. कधीकाळी आपल्याकडे भारत इलेक्ट्रॉनिक्सने तो बनवलेला आहे आणि जुन्या रेडिओवाल्यांच्या कपाटात बीईएल छापाचे व्हॉल्व्ह आजही निघतात. व्हॉल्व्हचे पाय घासून साफ करा, सॉकेटची पकड सैल असेल तर सुईने हलकेच आवळा. युनिट चालू असताना बांबूच्या कोरड्या काडीने व्हॉल्व्हवर टिचकी मारा. स्पीकरमधून ‘टण’ असं स्पष्ट उत्तर आलं, तर तो व्हॉल्व्ह थरथर पकडतो. इथे कमी कुरकुर करणारा निवडा. उरलेला पहिल्या जागी चालत नाही, कारण तिथे १२एटी७, म्हणजे ईसीसी८१ लागतो.

१०० हर्ट्झची घरघर असेल तर फिल्टर कंडेन्सर बघा. टोपी फुगलेली, तळाशी ओल, पांढरा थर, ही म्हातारपणाची लक्षणं आहेत. बाहेरून चांगला दिसणाराही आतून सुकलेला असू शकतो. बदलताना क्षमता तितकीच घ्या, व्होल्टेजचा आकडा मूळच्याहून कमी कधीच नको आणि अधिक-उणे दोनदा तपासा.

हीटरला ६.३ व्होल्ट एसी मिळतो. त्याच्या दोन्ही तारा एकमेकींना घट्ट पीळ देऊन, सिग्नलच्या तारांपासून लांब, चासीच्या कोपऱ्यातून न्यायला हव्यात. ट्रान्सफॉर्मरला मधला टॅप नसेल, तर हीटरच्या प्रत्येक टोकापासून अर्थला १०० ओहमचा एकेक रेझिस्टन्स जोडतात. त्यातला एक जळाला की हीटरचा तोल जातो आणि ५० हर्ट्झची घरघर सुरू होते. हे दोन रेझिस्टन्स बदलायला चहाचा एक कपही पुरा लागत नाही, म्हणून ते आधी मोजा.

‘सूं’ जास्त असेल तर रिकव्हरीच्या प्लेटचा जुना कार्बनचा रेझिस्टन्स काढून त्याच किमतीचा मेटल फिल्मचा लावा. तडतड असेल तर दोन टप्प्यांना जोडणारा कंडेन्सर डीसी गळू देतो का ते पाहा. पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर काही व्होल्ट डीसी आढळला तर तो बदला. मध्येच आकाशवाणी किंवा एखादं एफएम केंद्र ऐकू आलं, तर रिकव्हरीच्या ग्रिडच्या पायाला अगदी चिकटून १० किलोओहमचा रेझिस्टन्स घाला आणि तिथवर शिल्डेड वायर न्या.

घरची वीज आणि काळी माती

युनिट निर्दोष ठरूनही घरघर राहते तेव्हा बोर्डाकडे वळा. मराठवाड्यात अर्थिंगचा खड्डा काळ्या मातीत असतो. पावसाळ्यात ती माती ओल धरते, उन्हाळ्यात सुकून हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मातीची अर्थच्या पाइपवरची पकड सुटते. पावसाळ्यात शांत असलेलं युनिट चैत्र-वैशाखात घरघरायला लागलं, तर खड्ड्यात पाणी घालून बघा. फरक पडला तर अर्थिंग नव्याने करून घ्या.

इलेक्ट्रिशियनकडून दोन गोष्टी मोजून घ्या. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्टपेक्षा जास्त दाब नको. अर्थिंग भार घेतं का, हे अर्थ टेस्टरनेच कळतं, कारण कमकुवत अर्थवरही मीटर २३० दाखवू शकतं. काही घरांत तीन पिनच्या सॉकेटमध्ये अर्थची पिन आतल्या आत न्यूट्रलला जोडलेली असते. न्यूट्रल तुटला की युनिटच्या चासीवर आणि गिटारच्या तारांवर थेट २३० व्होल्ट येतात. असं आढळलं तर त्याच दिवशी दुरुस्त करा.

घरघर घालवण्यासाठी अर्थची पिन कापणं हा उपाय नाही. त्याने आवाज कधी कधी खरंच थांबतो, म्हणून लोक तो करतात. पण नंतर आत एखादी तार सुटून चासीला लागली, तर वीज जमिनीत जायला दुसरी वाट शोधते आणि ती वाट गिटार धरलेल्या माणसातून जाते. युनिट आणि अॅम्प्लिफायर दोन वेगळ्या बोर्डांवर असतील तर दोन्ही एकाच बोर्डावर आणा. तेवढ्याने फेरी तुटली नाही तर सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. अर्थची पिन जागेवरच राहू द्या.

अमेरिकेहून आलेल्या युनिटवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असं लिहिलेलं असतं. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ उतरवत नाही. ६० साठी बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरला ५० हर्ट्झवर तेच १२० व्होल्ट दिले की त्याच्या लोखंडातलं चुंबकत्व २० टक्क्यांनी वाढतं. तो जास्त तापतो आणि त्याचं क्षेत्र शेजारच्या डब्यापर्यंत पोचतं. म्हणून १२० ऐवजी ११० व्होल्ट देणारा स्टेपडाउन घ्या. वाढ निम्मी होते. रात्री भार कमी होऊन व्होल्टेज २४० च्या वर गेलं तर हा फायदा पुसला जातो, त्यामुळे स्टॅबिलायझर आधी लावा. स्टेपडाउन युनिटपासून चार फूट लांब, जमिनीवर ठेवा. त्याला अर्थची पिन सरळ पुढे नेलेली आहे का तेही तपासून घ्या; स्वस्त स्टेपडाउनमध्ये ती अनेकदा तशीच सोडलेली असते.

मग घरातली यादी करा : पंख्याचे रेग्युलेटर, ट्यूबचे चोक, फ्रिज, चार्ज होणारा इन्व्हर्टर. एकेक बंद करून ऐका. वीज गेल्यावर चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर व्हॉल्व्हचं युनिट चालवू नका. त्याची झरझर कुठल्याही कंडेन्सरने जाणार नाही.

मंचावर

गणपतीत, ऑर्केस्ट्रात किंवा कॉलेजच्या स्नेहसंमेलनात फळ्यांचा मंच असतो आणि पावलागणिक हलतो. युनिट मंचावर किंवा अॅम्प्लिफायरवर ठेवू नका. मागे जमिनीवर खुर्ची ठेवा, तिच्यावर दोन बोटं जाड फोम आणि त्यावर युनिट. बेसच्या भोंग्यांसमोर तर अजिबात नको. स्प्रिंगा त्यांचा प्रत्येक ठोका पकडतात आणि तो घुमाऱ्यातून परत येतो. मोबाइल युनिटवर ठेवायची सवयही सोडा. जनरेटरवर असाल तर मंचावरची सगळी वाद्यं एकाच वायरवरून घ्या आणि माइकला ओठ लावण्याआधी गिटारच्या तारा आणि माइक यांच्यामध्ये मीटरने मोजून घ्या. तिथे काही व्होल्टही दिसला तर गाणं थांबवा, वायरमनला बोलवा.

कुठे थांबायचं

शेवटी थोडी ‘सूं’ उरणारच. इतका क्षीण आवाज इतका वाढवणारं यंत्र पूर्ण मुकं होत नाही. परीक्षा अशी करा : मिक्सर तुम्ही वाजवताना ठेवता तिथेच ठेवा, एक सूर छेडा आणि घुमारा विरेपर्यंत ऐका. घुमाऱ्याची शेपटी संपेपर्यंत घरघरीत बुडाली नाही, तर काम झालं. त्यापुढे भाग बदलत राहिलात तर चांगल्या युनिटलाच इजा होईल.

मग झाकण लावण्याआधी एक काम करा. जुने रेडिओ मेकॅनिक पेटीच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवायचे : काय बिघडलं होतं, काय बदललं, तारीख. तुम्हीही चिकटवा. त्यात घरघर ५० ची होती की १०० ची, शॉर्ट पिनने काय झालं, डबा कोणत्या दिशेला शांत झाला आणि त्या दिवशी बोर्डावर किती व्होल्ट होते, हे लिहा. दहा वर्षांनी हे युनिट कुणी उघडेल, तेव्हा त्याचा शोध शून्यापासून सुरू होणार नाही. माझ्या युनिटमधल्या चिठ्ठीवर एकच ओळ आहे : ‘आउटपुटच्या पिनचं कडं आधी बघा.’